मसूर निवडताना

नोर्चाच्या वरच्या अंगाला, भूकंपानंतर
सरकारनं ठोकून दिलेल्या लाकडी घरात
एर्सीलिया मसूर निवडत बसलीय.
इथला मसूर बारीक, मुगाच्याही निम्मा,
तपकिरी, शेवाळी, एखादा पिवळट,
आणि खडा नेमका त्याच रंगाचा.
ती बघतही नाही फारसं. बोटच ओळखतं:
दाणा निसटतो,
खडा थांबतो.

समोर उबाल्दो मास्तर, टोपी गुडघ्यावर.
चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं. आता शाळा नाही, पोरंही नाहीत.
काल बेकरीत कुणीसं म्हणालं,
"ऐंशी उलटली, पण एर्सीलियाची एलेगान्त्सा बघा!"
त्या शब्दानं मास्तरांना रात्रभर झोपू दिलं नाही.

"मूळ क्रियापद साधं," ते सांगतात, "निवडणं.
ढिगातून उचलून बाजूला ठेवणं.
आणि आधी ही शिवीच होती, बरं का.
एलेगान्स म्हणजे चोखंदळ, नाकं मुरडणारा,
झग्याची चुणी मोडली की ज्याचा दिवस मोडतो.
जुनी माणसं नावं ठेवताना वापरायची हा शब्द.
मग रोमकडे पैसा आला
आणि शिवीला अत्तर लागलं."

ती हसत नाही. खडा बशीत टाकते. टिक्.
"मलाही म्हणाले होते. नखरेल."

त्या हिवाळ्याच्या तोंडावर अग्निशमनच्या एका पोरानं
तिला हेल्मेट घातलं, घड्याळ दाखवलं:
दहा मिनिटं, बाई. हाताला लागेल ते घ्या.
लोकांनी टीव्ही आणले, शेताचे कागद, चांदी.
एकानं तर दारच काढून आणलं, चौकटीसकट.
एर्सीलिया पहिली चार मिनिटं
धुळीत नुसती उभी.
मग बाहेर आली ती एक चाळण, शिवणाची कात्री
आणि नवऱ्याचा कोट घेऊन.
कोपरावर रफू. तिचंच. उन्हात धरलं तरी सापडत नाही.
"आणि चमचे?" बहीण ओरडली, "चांदीचे, बारा!"
"बारा जण कुठायत जेवायला?"

कोट पुढच्याच वर्षी नाझारेनोबरोबर गेला.
टाय तिनं शेवटच्या क्षणी काढून घेतला.
जिवंतपणी त्याला तो कधी सोसला नव्हता.

मी पाहुणी, ताटाच्या तिसऱ्या बाजूला,
आल्या आल्या कामाला लावलेली.
मास्तर माझ्याकडे वळतात: त्या क्रियापदाच्या पोटात
अजून एक जुनं क्रियापद आहे, लेगेरे.
द्राक्षं खुडणं, शिंपले गोळा करणं,
आणि वाचणं. सगळ्याला एकच.
मी मनात जुळवते: आमच्याकडे
वेचण्याची मात्रा उतरवून काना उभा केला
की वाचणं होतं.
आणि वाचणं म्हणजे ढिगाऱ्यातून जिवंत निघणंही.
हे सांगण्याइतकं इटालियन मला येत नाही.

"आणि हाडं," मास्तर बोलून जातात,
"चिता विझल्यावर हाडं गोळा करायची, तेव्हाही हेच..."
मग थांबतात. कानापर्यंत लाल होतात.

अस्थी. आम्हीही वेचतोच.
हे मात्र सांगता येतं, हातानं.
राख, चिमूट, मडकं.
एर्सीलिया माझ्या बोटांकडे बघत राहते,
शिवणाऱ्या बाईनं दुसरीची टीप बघावी तशी,
मग मान हलवते. पटलेलं दिसतं.

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चढ चढतोय.
बशीत सात खडे आणि गवताचं एक बी.
"मास्तर, शब्द राहू द्या," ती म्हणते,
"तुमच्या बाजूचा ढीग तसाच आहे."

ते चष्मा पुसतात, वाकतात,
पुष्कळ वेळानं एक खडा शोधून
अभिमानानं बशीत ठेवतात.

मसूर असतो तो.
एर्सीलिया तो उचलते, काही न बोलता,
आणि परत ताटात सोडते.